कुंडीची चांगली बाजू

मुलुंडच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देते.

"मुलगा जूनमध्ये नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि जाताना त्याची पीस लिली माझ्या हवाली करून गेला. दोन वर्षं ती त्याच्या खोलीत होती, एक पान खराब नव्हतं. मी ती हॉलमध्ये खिडकीपाशी आणून ठेवली, उजेड मिळावा म्हणून. त्याने हौसेने घेतलेल्या पांढऱ्या चिनीमातीच्या कुंडीतच आहे. रोज सकाळी तुळशीला पाणी घालते तेव्हा हिलाही एक पेला घालते. पाणी वाया जाऊ नये म्हणून फिल्टरमधून जे बाहेर पडतं तेच वापरते. जूनपासून जागाही बदललेली नाही. तरी दसऱ्यापासून पानांची टोकं तपकिरी व्हायला लागली, मग काही पानांवर मोठे डाग पडले, आणि आता तर पाणी घालूनही पानं माना टाकतात. चहाचा चोथा घालून बघितला. नर्सरीवाल्याने बुरशीची पावडर दिली आहे, ती अजून वापरलेली नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या पाणी कमी पडतंय, म्हणून आता संध्याकाळीही एक पेला घालते. मुलगा रविवारी व्हिडिओ कॉल करतो तेव्हा मी कुंडी फिरवून तिची चांगली बाजू पुढे करते आणि नंतर होती तशी ठेवते. त्याला काही सांगितलेलं नाही. झाड वाचेल का?"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा पाण्याच्या हिशेबापाशी अडखळले. दुसऱ्यांदा त्या कुंडी फिरवण्यापाशी थांबले, कारण दुखण्याचा एक मोठा धागा तुम्ही त्या वाक्यात सहज देऊन गेला आहात.

कुंडी फिरवली की चांगली बाजू समोर येते, याचा अर्थ झाडाला एक चांगली आणि एक वाईट बाजू आहे. पाणी जास्त झालं, खत जास्त झालं, मुळं कुजली, तर त्याची खूण सहसा झाडभर दिसते. एकाच अंगाची पानं खराब होतात तेव्हा त्या अंगाला बाहेरून काहीतरी लागत असतं. कॉल संपला की तुम्ही कुंडी होती तशी ठेवता, म्हणजे वाईट बाजू कायम खिडकीकडे. तुमच्या पत्रातले ते "मोठे डाग" उन्हाने भाजल्याचे आहेत, असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं.

तुम्ही म्हणाल, जागा तर जूनपासून तीच आहे. जागा तीच आहे, पण सूर्याने त्याची जागा बदलली. मुंबईत १५ मेच्या आसपास आणि पुन्हा २७-२८ जुलैच्या सुमाराला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हा. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. तुम्ही झाड हॉलमध्ये आणलंत ते नेमकं याच दिवसांत. दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा दुपारचं ऊन आत शिरतच नाही, त्यात आभाळ भरलेलं. झाडाला वाटलं असेल, छान जागा मिळाली. मग पाऊस सरला, आभाळ मोकळं झालं आणि सूर्य दक्षिणेकडे कलायला लागला. डिसेंबरात तो भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंश वर असतो आणि ऊन तिरपं होऊन घरात खोलवर येतं. ऑक्टोबरची ती काहिली तुमच्या झाडाने काचेमागे बसून सोसली. तुमची खिडकी दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला असणार. खातरजमा करायची तर दुपारी दोनच्या सुमाराला झाडावर हात धरून बघा. हाताची सावली रेखीव, काळी पडली तर ते थेट ऊन. सावलीच्या कडा विरलेल्या असतील तर तो उजेड हिला मानवतो.

भाजलेला डाग ओळखायला सोपा असतो. तो कोरडा, फिकट तपकिरी, बोटाने चाचपला तर कागदासारखा लागतो. एका पानाने दुसऱ्यावर सावली धरलेली असेल तर खालच्या पानावर तेवढाच भाग हिरवा शाबूत राहिलेला दिसतो. हे एकदा नीट निरखून बघा, मग मनात शंका उरणार नाही. पीस लिली मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची, दाट रानात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी. कुळ अळवाचं. तिला उजेड हवा, ऊन नको.

आता टोकं. टोकांचं तपकिरी होणं वेगळं आहे आणि ते चांगल्या बाजूलाही थोडंफार असणार. तुम्ही ते कात्रीने कापलं असेल, कॅमेऱ्यात दिसलं नसेल, पण आहे का ते बघा. ते उन्हाचं नाही, क्षारांचं आहे.

तुम्ही मुलुंडला राहता. पूर्व द्रुतगती मार्गावरून येता-जाता मिठागरं पाहिली असतीलच. खाडीचं पाणी उथळ खाचरांत घेतात, उन्हाने ते आटतं आणि मीठ मागे राहतं. पानाच्या टोकाला नेमकं हेच होतं. मुळांनी घेतलेलं पाणी देठातून पानात जातं आणि वाफ होऊन उडतं. पाण्याबरोबर आलेले क्षार मात्र उडू शकत नाहीत, ते पानाच्या शेवटाला साचत जातात. सकाळी लवकर कधी पीस लिलीच्या टोकाला थेंब लोंबताना पाहिला असेल. ते दव नसतं, मुळांच्या दाबाने पानानेच बाहेर टाकलेलं पाणी असतं. तो थेंब सुकला की त्यातले क्षारही तिथेच राहतात. साठता साठता एके दिवशी टोक करपतं. करपलेल्या आणि हिरव्या भागाच्या मधे बहुतेक वेळा एक बारीक पिवळी रेघ दिसते.

हे क्षार आले कुठून? पहिला संशय फिल्टरच्या पाण्यावर. मुंबई महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा, विहार, तुळशी या तलाव-धरणांतलं, म्हणजे साठवलेलं पावसाचं पाणी. त्यात क्षार फार नसतात. नळाचं पाणी हिला अगदी चालतं. आरओ फिल्टर मात्र त्या पाण्यातले क्षार बाजूला काढतो आणि मागच्या नळीतून बाहेर सोडतो. तुम्ही झाडाला घालताय ते नेमकं ते काढून टाकलेलं पाणी. सोसायटीच्या टाकीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर ते आणखी खारट असणार. पाणी वाया जाऊ नये ही तुमची भावना मला मनापासून पटते. मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाला ती असायला हवी. ते पाणी लादी पुसायला, बाथरूम धुवायला वापरा. कुंडीत नको. उन्हाळ्यात एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धरत असाल तर तेही हिला चालेल. ती हवेतलीच वाफ, तिच्यात क्षार जवळपास नसतात.

दुसरं कारण पेल्याचं. रोज थोडंथोडं पाणी घातलं की माती ओली होते, पण धुतली कधीच जात नाही. क्षार खाली वाहून जायला एकदा भरपूर पाणी आरपार जावं लागतं. आणि ते गेलं तरी जाणार कुठे? तुमची चिनीमातीची कुंडी उचलून तिच्या बुडाला भोक आहे का ते बघा. अशा शोभेच्या कुंड्यांना बहुधा नसतं. आत नर्सरीची काळी प्लास्टिकची कुंडी असेल आणि बाहेर ही पांढरी. जास्तीचं पाणी मधल्या जागेत साचतं, माती तेच परत शोषून घेते.

आणि इथे सगळ्यात गंभीर गोष्ट येते. टोकं आणि डाग दिसायला वाईट, पण त्यांनी झाड सहसा मरत नाही. पाणी घालूनही पानं माना टाकतात, हे वाक्य वाचून मला काळजी वाटली. पीस लिली तहानली की पानं खाली टाकते आणि पाणी मिळालं की काही तासांत उभी राहते. म्हणून लोकांना ती सोपी वाटते. पण मुळं कुजली तरी ती तशीच पानं टाकते, कारण कुजलेल्या मुळांना पाणी ओढताच येत नाही. झाड पाण्यात उभं आणि तरी तहानलेलं. बघणाऱ्याला दोन्ही चित्रं सारखीच दिसतात. शेजारच्या वहिनींचा सल्ला चांगल्या मनाचाच होता, पण या घडीला तो उलटा पडतो आहे. पेला २०० मिलीचा धरला तर दिवसाला दोन पेले, आठवड्याला जवळजवळ तीन लिटर झाले. सहा इंची कुंडीत माती मावते दोन-अडीच लिटर. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, आणि तुमच्या कुंडीत हवेला जागाच राहिलेली नसणार.

माझी पहिली पीस लिली मी अशीच गमावली. पानं झुकली की पाणी, पुन्हा झुकली की पुन्हा पाणी. शेवटी कुंडी उलटी केली तेव्हा मातीला तुंबलेल्या मोरीसारखा वास येत होता. आठ-दहा दिवस आधी बघितलं असतं तर ती वाचली असती. म्हणून तुम्हाला सांगते, पावडर, खत, स्प्रे, सगळं बाजूला ठेवा आणि आधी मुळं बघा.

उद्याच बघा. जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरा. पांढऱ्या कुंडीतून आतली कुंडी उचला. तळाशी पाणी असेल तर किती आहे ते बघून ओतून टाका. आतली कुंडी आडवी धरून बाजूंनी दाबा, झाडाच्या बुंध्याला एका हाताचा आधार द्या आणि मातीसकट झाड अलगद बाहेर काढा. चीक हाताला लागला तर अळवासारखी खाज सुटू शकते, हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घाला. घरात नातवंडं, मांजर असं कोणी असेल तर हे झाड तोंडात जाणार नाही एवढं बघा.

चांगलं मूळ पांढुरकं किंवा मळकट पांढरं असतं आणि बोटात धरलं तर कडक लागतं. कुजलेलं मूळ काळपट, बुळबुळीत असतं. चिमटीत धरून हलकं ओढलं की वरची साल सुटून हातात येते आणि आत दोऱ्यासारखी बारीक शीर उरते. आणखी एक गोष्ट बघा. मुळांच्या मधोमध लाल मातीचा घट्ट गोळा आहे का? आपल्याकडच्या नर्सऱ्यांत येणारी पुष्कळ रोपं अशा चिकण मातीच्या गोळ्यात बांधून लांबून येतात. तो गोळा दगडासारखा बसतो. पाणी त्याच्या कडेने निघून जातं आणि आतला भाग एक तर कोरडा ठणठणीत राहतो, नाही तर एकदा भिजला की आठवडाभर वाळत नाही.

मुळं बहुतेक चांगली निघाली तर काम सोपं आहे. झाड परत प्लास्टिकच्या कुंडीत ठेवा आणि वरची माती दोन दिवसांत वाळेपर्यंत काही करू नका. मग बाथरूममध्ये नेऊन नळाचं पाणी, अगदी बारीक धारेने, अर्धी बादली भरेल एवढं तिच्यातून जाऊ द्या. खालून निथळू द्या, अर्धा तास तिथेच राहू द्या. साठलेले क्षार यात वाहून जातात. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी एकदा असं धुतलं तर टोकांचा त्रास फार उरत नाही.

मुळं कुजलेली निघाली तर धुणं नको, माती बदला. खराब मुळं स्वच्छ कात्रीने कापून टाका, लाल गोळा असेल तर बोटांनी हळूहळू मोकळा करा. उरलेल्या मुळांना बसेल एवढीच कुंडी घ्या, मोठी नको, कारण मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. बागेची माती, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि जुनं शेणखत किंवा गांडूळखत सारखं घ्या आणि त्यात मूठ-दोन मुठी जाडी रेती, पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) किंवा विटांचा बारीक चुरा मिसळा. मुठीत दाबून सोडलं की ढेकूळ बनून राहू नये, भुसभुशीत सुटलं पाहिजे. मुळं कमी झाली तर त्या मानाने पानंही कमी करा. सगळ्यात जास्त भाजलेली चार-पाच पानं देठासकट बुंध्यापासून काढा.

यापुढे कुंडी खिडकीपासून तीन-चार फूट आत ठेवा, किंवा खिडकीला पांढरा पातळ पडदा लावा. मार्चपासून ऊन पुन्हा वर चढतं, तेव्हा हवं तर जवळ सरकवा. आणि तुळशीच्या वेळी हिला पाणी घालायची सवय मोडा. तुळस बाहेर उन्हात, वाऱ्यात असते, तिला रोजचं पाणी लागतं. ही घरात, सावलीत. बोट मातीत दोन पेरं खुपसा. ओलं लागलं तर निघून जा. वरचा भाग कोरडा लागला की मग भरपूर पाणी, खालून बाहेर येईपर्यंत. पांढऱ्या कुंडीत तिला ठेवायचंच असेल तर निथळल्यावर ठेवा. या दिवसांत हे चार-सहा दिवसांनी येईल, पावसाळ्यात त्याहून उशिरा. वार ठरवू नका, मातीला विचारा.

पावडरीबद्दल. बुरशीचे डाग बहुधा गोल असतात, त्यांच्याभोवती पिवळं कडं असतं आणि ते दिवसागणिक पसरतात, नव्या पानांवरही येतात. तुम्ही लिहिलंय ते तसं नाही. उन्हाने भाजलेल्या पानावर बुरशीनाशक मारून काहीच साधत नाही, आणि बंद हॉलमध्ये ते उगाच श्वासात जातं. नको. मात्र पानांच्या मागच्या बाजूला एकदा नजर टाका. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. बारीक ठिपके पडून चालायला लागले तर तो लाल कोळी, आणि देठाच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण. पहिल्यासाठी पानं ओल्या फडक्याने पुसणं आणि नळाखाली धुणं पुष्कळदा पुरतं. पिठ्या ढेकणासाठी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपून काढा. तुमच्या वर्णनावरून दोन्ही नसावेत.

चहाचा चोथा वरून उचलून टाका. दुधा-साखरेचा असेल तर मुंग्या येतात, आणि ओल्या थरात चिलटं होतात. दोन नवी पानं नीट येईपर्यंत कुठलंच खत नको. पानांवर फवारा मारायचीही गरज नाही. तो सल्ला हिवाळ्यात घर गरम ठेवणाऱ्या थंड देशांतला आहे. मुंबईच्या हवेत ओलावा पुरेसा असतो.

तपकिरी झालेलं परत हिरवं होणार नाही, ते मनातून काढून टाका. टोकं कापायची तर पानाच्या आकाराला धरून तिरकी कापा आणि तपकिरीची एक बारीक कड ठेवा. हिरव्यात कात्री गेली की तिथून पुन्हा वाळायला लागतं. सुधारणा जुन्या पानांत दिसणार नाही, नव्या पानात दिसेल. मधोमधून सुरळी करून अळवासारखं एक फिकट हिरवं पान वर येईल. ते उलगडून पंधरा दिवस झाले आणि त्याचं टोक हिरवंच राहिलं, तर तुमचं काम झालं असं समजा.

वाचेल का, हे तुम्ही विचारलंत. पानं जिथून निघतात तो मातीलगतचा बुंधा बोटाने दाबून बघा. कडक असेल तर वाचेल, मुळं निम्मी गेलेली असली तरीही. तो मऊ पडला असेल तरी लगेच टाकू नका. पीस लिली बाजूला पिल्लं धरते, त्यातलं एखादं कडक निघालं तर वेगळं करून लावा.

आणि मुलाला सांगा, ताई. याच रविवारी. झाड त्याने दोन वर्षं एक पान खराब न होऊ देता सांभाळलं, म्हणजे या घरात ते कसं जगतं हे त्याला माहीत आहे. कोणतं पाणी घालायचा, किती दिवसांनी, पाणी घालताना पांढऱ्या कुंडीतून बाहेर काढायचा का, मधे कधी माती बदलली का, हे चार प्रश्न त्याला विचारा. मी इथे बसून अंदाज बांधते आहे, त्याच्याकडे उत्तरं आहेत. कुंडी फिरवू नका, खिडकीकडची बाजू त्याला कॅमेऱ्यात दाखवा आणि मुळांचा फोटो काढला असेल तर तोही पाठवा.